जिची गाळी, तिचा गूळ

तापीफुई पाणी पीत होती, आणि त्याच वेळी तापीफुई गातही होती.

पेला ओठाशी तसाच थांबला. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला वराकडच्यांनी शहाद्याहून आणलेले दोन उंच स्पीकर उभे होते. आवाज तिथून येत होता आणि तो तिचाच होता. ओळीचं शेवटचं अक्षर थोडं नाकात ओढायची सवय तिची, मध्ये दम घेताना निघणारा बारीकसा 'हं' तिचा. शेजारच्या बायांनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग फुईच्या बंद तोंडाकडे, मग पुन्हा स्पीकरकडे.

रतिलाल याही उना वं मांडवमा,
पहिले उनं पोट, मंग उनात पाय,
जिलबी देखी भुलना, नवरदेवले इचारस,
तू कोन शे रे भाय?
म्हनी गई तापीबाई, म्हनी गई तापीबाई!

वराकडची पंगत हसून हसून वाकडी झाली. एकाच्या नाकात वरण गेलं. ज्याच्यावर गाळी आली तो रतिलाल, नवरीचा बाप आणि फुईचा धाकटा भाऊ, हातात बट्टीचा तुकडा धरून आपल्या पोटाकडे बघत राहिला. मग तिथूनच ओरडला, "आक्का! तू कोनाकडनी शे वं? मन्ही बहीण का त्यासनी?"

"मन्हं तोंड बंद शे, देख ना!" फुई म्हणाली. आणि हे सांगायला तिला तोंड उघडावं लागलं, त्यावर बाया पुन्हा हसल्या.

तसं पाहिलं तर फुईचं, म्हणजे नवरीच्या आत्याचं, काम मघाशीच आटोपलं होतं. लग्न लागलं, वऱ्हाड पंगतीला बसलं, की मुलीकडच्या बायांनी व्याह्यांना गाण्यातून गाळी द्यायच्या, ही घराण्याची रीत. कोणाच्या मिशा, कोणाचं टक्कल, कोणाची आहेराची साडी, सगळं चव्हाट्यावर. तापीफुईने नवरदेवाच्या काकाच्या रंगवलेल्या मिशांवर अशी गाळी जोडली होती की तो बिचारा उरलेलं जेवण रुमाल तोंडाशी धरून जेवला. आसपासच्या गावांत लग्नाची पत्रिका छापायच्या आधी लोक गुरुजींकडे जात आणि मग फुईकडे. गुरुजी एक वेळ दुसरे मिळत.

रीतीला एक पाठीमागचं शेपूट होतं, आणि ते गाळीपेक्षा महत्त्वाचं. गाळी देणारीने शेवटी आपलं नाव घालायचं. आणि पंगत उठायच्या आत, जिच्या नावाची गाळी तिने गुळाचा खडा घेऊन जायचं आणि ज्याला गाळी दिली त्याच्या तोंडात आपल्या हाताने घालायचा. त्याने तो खाल्ला की गाळी फिटली. न खाल्ला तर नवरीचं पाऊल मांडवाबाहेर पडत नाही. मागे म्हसावदच्या एका पाहुण्याने दात आवळून धरले होते, तेव्हा वऱ्हाड दिवेलागणीपर्यंत ताटकळलं. अखेर त्याच्याच बायकोने त्याचं नाक दाबलं आणि तोंड उघडताच फुईने गूळ आत लोटला.

"नाव तुन्हं उनं, आक्का," रतिलाल आता खुशीत आला होता. "चाल, गूळ लई ये. रीत म्हंजे रीत!"

फुईही हसली. हसता हसता तिच्या मनात मात्र हिशेब चालला होता. पोटाची ओळ तिचीच. फार वर्षांपूर्वी एका सरपंचासाठी जोडलेली. जिलबीची ओळ नवी होती. नवी होती आणि चांगली होती. हे दुसरं तिला जास्त लागलं. इतक्या वर्षांत भावाच्या जिलबीवर आपल्याला कसं सुचलं नाही?

तिने मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या हेमराजकडे पाहिलं. रतिलालचा हा थोरला, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. फुईची नजर पडताच त्याने मोबाइल खिशात घातला, आणि का घातला ते त्यालाही सांगता आलं नसतं. एवढ्यात स्पीकरमधल्या तापीबाईने पुढची गाळी धरली.

भावनी भाकर, भावना भात,
तापीबाईना पसारेल हात,
ना घर ना दार, भावले भार,
म्हनी गई तापीबाई, म्हनी गई तापीबाई!

पहिल्या ओळीवर सवयीने हसू उठलं. दुसऱ्या ओळीवर ते अर्ध्यातच राहिलं. वाढप्याचा डाव भांड्यात थांबला.

नवरदेवाची बहीण दिपाली स्पीकरकडे धावली. निळ्या पैठणीत पाय अडकत ती पोचली, काहीतरी दाबलं, आणि गाणं बंद व्हायच्या ऐवजी पुन्हा त्याच ओळीवर आलं. "ना घर ना दार, भावले भार," फुईच्या आवाजाने फुईला दुसऱ्यांदा ठणकावून सांगितलं. मग कोणीतरी वायरच उपटली.

रतिलाल पाटावरून उठला. एवढं पोट घेऊन तो इतक्या चटकन उठू शकतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. "उठा रे सगळे," तो आपल्या माणसांना म्हणाला. "ह्या पंगतमा आपला घास नही."

फुईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती पाहत होती सुपडाबाईकडे. रतिलालची बायको, तिची भावजय. लग्न होऊन आली तेव्हापासून एका चुलीवर दोघींनी संसार ओढलेला. कमी बोलणारी बाई. या वेळी तिने काहीतरी बोलावं, निदान 'हे काय बाई' एवढं तरी म्हणावं, असं फुईला वाटलं. सुपडाबाई आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत बसली होती.

फुईने पेला खाली ठेवला आणि मांडवामागच्या कापसाच्या खोलीकडे चालू लागली.

*

कापूस कधीच विकला गेला होता. खोलीत आता सतरंजी घालून नवरीला बसवलं होतं. भूमिका शालू सावरून उठू लागली तशी फुईने तिला दटावलं, "बस. घडी मोडी जाई."

"फुई, मी सगळं ऐकलं."

"ऐकंच असशी. गावनी पाणीनी मोटरबी ऐकी असेल."

पाठोपाठ हेमराज आला. दारात उभा राहिला, आत येऊ की नको असा. ह्या पोराला फुईनेच न्हाऊमाखू घातलं होतं. अवघ्या विशीत कपाळ पुसून म्हसावदहून भावाकडे परत आली, त्यानंतर रतिलालच्या दोन्ही पोरांचा कडेवरचा काळ तिच्याच कडेवर गेला. त्यामुळे हेमराज खोटं बोलणार असला की आधी कानाची पाळी ओढतो हे तिला माहीत होतं. आज त्याने कानाला हात लावला नाही.

"मी दिला आवाज," तो म्हणाला. "दिवाळीला तुझ्या गाळी रेकॉर्ड केल्या होत्या ना, त्या एका मशीनला ऐकवल्या. एआय म्हणतात त्याला. ते आवाज शिकतं. मग त्याला काहीही लिहून दिलं की तुझ्या आवाजात गातं. गाळीही तेच जोडतं. दिपालीने मागितला, म्हणाली छोटीशी गंमत करायची आहे. मी पाठवून दिला."

"माले इचारं का?"

"तूच म्हणाली होतीस फुई, जपी ठेव."

"जपी ठेव सांगं व्हतं. वाटी दे सांगं नव्हतं."

हेमराजने मान खाली घातली. भूमिकाने मेंदीचे हात पदरावर आपटले. "आणि त्या दिपालीताईंनी हे असं लिहिलं? मी त्याच घरात जायचंय!"

"लिहिलं नाही गं तिने. तिने फक्त इकडची, आपल्या घरातली माणसं सांगितली. कोण कोणाचं, कोण काय करतं, कोण कुठे राहतं. गाळी मशीनने जोडली. तिने नीट ऐकलीही नसणार."

फुई सतरंजीच्या कडेला टेकली. थोडा वेळ तिने विचार केला. गाळी जोडताना करते तसाच, ओठ न हलवता.

"हेमराज, तुन्हा मशीननी मन्ह्या कितल्या गाळी ऐक्यात?"

"सगळ्या. होत्या तेवढ्या."

"त्यामा एकतरी भाकरवर व्हती का? कोनाना पाळणावर? कोनाना कपाळवर?"

हेमराजने आठवून पाहिलं. "नाही."

"इतलं ऐकीसन मंग शिकनं काय ते?"

"जे तू म्हटलंस ते शिकलं, फुई," हेमराज हळूच म्हणाला. "जे तू कधीच म्हटलं नाहीस, ते त्याला कुठून कळणार?"

पोरगं खरं बोललं होतं. तिला स्वतःलाही ही गोष्ट कोणी शिकवली नव्हती. एखाद्या घरी पाळणा हलला नसला की तिची जीभ आपोआप त्या घराला वळसा घालून मिशांकडे, टकलाकडे जाई. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाची एकेक दुखरी जागा तिला ठाऊक असे, आणि तिथे पाय पडू नये म्हणून तर सगळी कसरत. तो वळसा कोणी रेकॉर्ड कसा करावा?

रतिलाल आत घुसला, पाठोपाठ सुपडाबाई. "मी त्यासन्या गाड्या मोकळ्या परत धाडस," रतिलाल म्हणाला. "मन्ही बहीणले भार म्हनतस? मन्हा घरमा?"

"पोरनं लगीन लागी गयं," सुपडाबाई म्हणाली. "मोकळ्या गाड्या धाडीसन पोरले काय ट्रॅक्टरवर धाडशी?"

"मंग काय गूळ खाऊ? कोना हातना? ते डब्बाले हात कोठे शेत?"

"जरा सबुरीनं घ्या. आक्काले—"

"तू बोलूच नको भाबी," फुई एकदम म्हणाली. "तुन्हं चूप राहनं मी ऐकं तठे."

सुपडाबाईचा चेहरा उतरला. तिने पुन्हा एकदा आपल्या हातांकडे पाहिलं, पदर खोचला आणि भट्टीकडे काय शिल्लक आहे ते बघायला निघून गेली. रतिलाल पंख्याखाली उभा राहून घाम पुसू लागला. भूमिका रडायच्या बेतात आली होती, पण डोळ्यांतलं काजळ ओघळेल म्हणून वर छताकडे बघून रडू आवरत होती. ते ध्यान पाहून फुईला अशा वेळीही हसू फुटलं.

"असं वर काय देखस? पाल शे का?"

"फुई, तू बाहेर नाही आलीस तर कोणी गूळ खाणार नाही. मग मी जाऊ की नको?"

खरा पेच तोच होता. आणि फुईला त्याच्याआड दुसरा दिसत होता. आपण इथेच रुसून बसलो, तर आज या मांडवात तापीबाईच्या नावाने म्हटली गेलेली शेवटची गाळी हीच राहील. लोक घरोघर तेच नेतील. आवाज तिचा, नाव तिचं. पुढच्या लग्नात ती मिशांवर गाऊ लागली तरी ऐकणाऱ्याच्या कानात भाकरच वाजेल. मग भावाच्या घरात तिचं जे एक स्वतःचं होतं, तेही गेलं.

ती उठली. कोनाड्यातली गुळाची वाटी घेतली.

"रती, चाल. पाटवर बस. पोट पुढे ठेव."

*

मांडवात दुसरं कोणी उठलं नव्हतं आणि कोणी जेवतही नव्हतं. फुई मधोमध येऊन उभी राहिली. वाटी उजव्या हातात.

"आते माले सांगा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "गाळी कोनी दिधी? तापीनी. गाळी कोनले दिधी? तापीले. रीत काय शे? जिनी गाळी, तिना गूळ. मंग काय करू? मीच मन्हा तोंडमा गूळ घालू, न् मीच मन्हावर रुसू?"

आणि तिने खरोखरच एक खडा उचलून स्वतःच्या तोंडापुढे धरला, ओठ आवळले, मान फिरवली, पुन्हा खडा पुढे नेला. एका म्हाताऱ्याला ठसका लागला. कोपऱ्यातल्या बाया हसल्या, मग वराकडच्याही. मांडवाने सोडलेला श्वास ऐकू आला.

"नही," फुईने खडा वाटीत टाकला. "ज्यानी धाडी, त्यानी आठे यावं. डब्बाले मी गूळ देत नही, डब्बाना गूळ मी खात नही."

स्पीकरजवळ उभी असलेली दिपाली पुढे येऊ लागली. पण तिच्या आधी तिची आई उठली. रंजनाबाई, नवरदेवाची आई. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत उभा संसार गेलेली, चष्म्याची, हळू आवाजाची बाई. लग्न ठरल्यापासून फुईने तिच्या तोंडून 'हो', 'नाही' आणि 'घ्या ना अजून' एवढंच ऐकलं होतं.

"मुलीचं काही नाही," रंजनाबाई म्हणाली. "करायला मीच सांगितलं."

"तुम्ही?"

"आमच्याकडे सासूबाई गायच्या. त्या गेल्या. आता आमच्यात कोणाला येत नाही. सगळ्या पुस्तकात बघून आरत्या म्हणणाऱ्या. मांडवात तुम्ही आहात म्हणून कळलं, तेव्हाच मला घाम फुटला. तुम्ही गाणार, आणि आमच्याकडून सगळे गप्प बसणार. पोराच्या लग्नात तेवढी नामुष्की..." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "दिपाली म्हणाली, त्यांच्याच आवाजात उत्तर दिलं तर गंमत होईल. पोटाची गाळी ऐकली, हसू आलं. दुसरी मी ऐकलीच नव्हती हो."

"न ऐकताच मन्हा नाववर धाडी दिधी!"

"चुकलं माझं."

"चुकनंच. पन आते काय करशात?"

"गूळ देते ना. माझ्या हाताने."

"आं हां." फुईने वाटी पाठीमागे नेली. "गाळी देल्हाबिगर गूळ कसा? पहिले गाळी द्या माले. तुमना तोंडथून."

रंजनाबाई पाटाला पाय लागेपर्यंत मागे सरकली. "मला नाही येत."

"मी सांगस ना."

आणि सगळ्यांच्या देखत फुईने विहिणीचा पदर धरून तिला जवळ ओढलं आणि तिच्या कानाला लागली. पंगतीतल्या माना लांब झाल्या. "आक्का, हाई गद्दारी शे!" रतिलाल ओरडला. फुईने पाठमोऱ्या हातानेच त्याला गप्प केलं. ती सांगत होती ती गाळी तिच्याच दातांवर होती. पहिल्या ओळीत तोंडात उरलेले चार दात, दुसऱ्या ओळीत शेंगदाणे खायची हौस. साधी, पहिल्या पायरीची. शिकाऊ पोरींना ती असल्याच गाळीवर धरी.

"आते म्हना. खालनी पट्टीमा. न् शेवटले नाव तुमनं."

रंजनाबाईने डोळे मिटले. पहिली ओळ निघाली ती कशीबशी. शाळेतली कविता म्हणावी तशी. पण शहरी मराठी कुठल्या कुठे गेली होती, आणि आईच्या दारात बोलत असेल ती बोली बाहेर आली होती.

दात शेत चार, तरी मोठी हौस...

इथे ती थांबली. पुढचे शेंगदाणे विसरली, हे फुईला स्पष्ट दिसलं. फुईने ओठांनी 'शेंगा, शेंगा' करून दाखवलं. रंजनाबाईने डोळे उघडले ते थेट त्या उपटलेल्या वायरवर गेले. मग फुईवर आले. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं आणि तिने ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली, या वेळी पट्टी बरोबर.

दात शेत चार, न् मांगस ऊस,
तापीबाई, तापीबाई, बांधवर बस!
रस गया मशीनमा, गोडी गई दूर,
चोथा धरी बस वं, चोथा धरी बस!
म्हनी गई रंजनाबाई, म्हनी गई रंजनाबाई!

कोणी हसलं नाही. हसावं की नाही हे कळेना. रंजनाबाईचा स्वतःचाच हात तोंडावर गेला होता.

फुईला ती ओळ बरगडीत कोणीतरी बोट खुपसावं तशी लागली. लागली आणि त्याच ठिकाणाहून हसू उसळलं. ऊस गाळून रस नेणारा कारखाना ज्या बाईने लग्नापासून खिडकीतून पाहिला, बाहेर पडलेल्या चोथ्याचे ढीग पाहिले, तिलाच हे सुचणार. रस मशीनमध्ये गेला, म्हातारे, आता चोथा धरून बस. खरं होतं. झोंबणारं होतं. आणि भाकरीला, पाळण्याला, कपाळाला कुठेही बोट लागलेलं नव्हतं!

फुई हसली ती चारच्या चार दात दाखवून. गुडघ्यावर थापा मारीत हसली. "अरे वा वं याहीन!" डोळे पुसत ती म्हणाली. "मी शेंगा देल्ह्यात, तू ऊस काढा! कोठे लपाडेल व्हता इतला दिवस?"

मग मांडव फुटला. वराकडचे, वधूकडचे, वाढपी, ताशेवाले, सगळे. रंजनाबाई लाजून लाल झाली होती, पण मान ताठ होती. तिने वाटीतला खडा उचलला आणि फुईच्या तोंडात घातला. फुईने तो घेतला आणि तिचा हात तसाच धरून ठेवला.

"हे सगळं ठीक शे," रतिलाल पाटावरून म्हणाला. "मन्हा पोटना गूळ कोन देई?"

फुईचं तोंड भरलेलं होतं. तिने नुसतं बोट दाखवलं, खांबाशी उभ्या हेमराजकडे. आवाज ज्याने दिला त्याने. हेमराज आला आणि त्याने बापाच्या तोंडात लिंबाएवढा खडा कोंबला. दिपालीने दुसरा दिला. "अजून कोनी शे का?" रतिलाल गाल फुगवून म्हणाला, आणि नंतर जिलबीही मागितली.

*

ऊन कलल्यावर वरात निघाली. भूमिका काजळासकट मनसोक्त रडली. गाडी हलली तेव्हा रंजनाबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पोरीला माहेरी आणायला तुम्हीच या हं, तापीबाई! आमच्या दारात या!"

"येसू! उत्तर लईसन येसू!"

केळीच्या बागेपलीकडे धूळ बसली. हेमराज ओट्यावर फुईशेजारी येऊन बसला.

"काढून टाकला आवाज, फुई. माझ्याकडचा आणि दिपालीकडचाही. पण त्या डीजेवाल्याने उतरवून घेतला असेल, तर खरं सांगतो, मला कळायचं नाही. पुढेही कुठून तरी येऊ शकतो."

"मन्ह्या दिवाळीन्या गाळी?"

"त्या आहेत. त्या काढू?"

"नको. जपी ठेव." फुईने त्याच्या कानाची पाळी ओढली. "पन कोनी मांगं, त पहिले माले इचार. आन् मन्हा नावनं काही भलतंच कोठे वाजनं, मी जित्ती शे तवलोंग मी बोलसू. मंग तू बोल. तू उठीसन सांग, हाई मन्ही फुई बोलनीच नव्हती."

"सांगेन."

"तोंड उघडीसन सांग. मोबाइलमा नको."

तो उठून खुर्च्या मोजणाऱ्या बापाला हात द्यायला गेला. फुई एकटीच ओठ न हलवता जुळवत बसली. ऊस, चोथा. चोथ्याला काय उत्तर द्यावं? कारखान्यात चोथाच तर जाळतात, त्यावरच सगळी भट्टी चालते. तिथून काही निघतं का? निघेलसं वाटत होतं, पण शेवटचा शब्द हाताला लागत नव्हता. असं छान अडून पडणं कित्येक वर्षांत तिच्या वाट्याला आलं नव्हतं. समोरून उत्तर देणारंच कोणी उरलं नव्हतं ना.

मागून थाप-थाप आवाज येत होता. सगळ्यांची तोंडं गोडाने विटली म्हणून सुपडाबाईने मागच्या चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकायला घेतल्या होत्या. थोड्या वेळाने ती ताट घेऊन आली. वर मिरचीचा ठेचा, कडेला कांदा. ताट फुईपुढे ठेवलं आणि उभीच राहिली. हाताला कोपरापर्यंत पीठ.

"तठे माले काही बोलता उनं नही," ती म्हणाली. "माले तुमनासारखं झटकन सुचत नही. आते सुचनं."

"काय?"

"ते डब्बानी गाळी चुकीनी शे. भावनी भाकर म्हने!" सुपडाबाईने पिठाचे दोन्ही हात फुईच्या तोंडापुढे धरले. "भावनी कोठून उनी? तीस वरीस मी थापी ऱ्हायनू! त्याले त तवा कोठे शे तेबी ठाऊक नही. मन्ही भाकर शे ती. गाळीमा नाव घाला त मन्हं घाला!"

फुई तिच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने भाकरीचा पापुद्रा मोडला, ठेच्याला लावला आणि पहिला घास उचलून भावजयीच्या तोंडासमोर धरला.

"माले गूळ लागत नही," सुपडाबाई म्हणाली. "गाळी कोनी दिधी माले?"

"देसू ना," फुई म्हणाली. "तू पहिले तोंड त उघड."